माउसच्या पोटावरचं बटण

सोमवार, ३ मार्च

दादांनी आज माझा माउस काढून घेतला.

दादा म्हणजे आमच्या गेमिंग संघाचे कॅप्टन. माझे सख्खे कोणी नव्हेत, पण संघातले सगळे त्यांना दादाच म्हणतात. सराव चालू होता. दारामागून शत्रू येतोय हे मला कळलं होतं, मी वेळेत वळलेही होते, पण माउसची वायर टेबलाच्या कडेला अडकली आणि नेम अर्ध्यावरच थांबला. मी मेले. आठवड्याभरात तिसऱ्यांदा.

जुळ्यांपैकी थोरला (तो सहा मिनिटांनी थोरला आहे आणि रोज एकदा तरी ते सांगतो) ओरडला, "मास्तरीणबाई, दोर सोडा आता! विहिरीतून पाणी काढताय का?"

दादा हसले नाहीत. उठले, माझ्या संगणकामागे हात घालून वायर उपटली आणि स्वतःच्या खणातून एक काळा माउस काढून माझ्यापुढे ठेवला. "हा घे. माझा जुना. गेलं वर्षभर यानेच खेळलो. वायर नाही, कटकट नाही."

"पण दादा, बॅटरी संपली तर?"

"रोज चार्ज करायचा."

"आणि मध्येच संपर्क तुटला तर?"

"तुटत नाही."

"पण समजा तुटला..."

"अगं, वायर असताना रोज मरतेसच. आता वायरीशिवाय मरून बघ."

यावर सगळे हसले. मीही हसले. पंधरा तारखेला पात्रता सामना आहे. जिंकलो तर मुख्य स्पर्धा. हरलो, आणि माझ्यामुळे हरलो, तर माझी खुर्ची चिमणीला मिळेल. चिमणी आमची राखीव खेळाडू. माझ्या मागच्या टेबलावर बसते, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, आणि तिला कशाचीच भीती वाटत नाही. मग मी पुन्हा गेम पार्लरच्या काउंटरवर, लोकांच्या घामाने ओले झालेले हेडफोन पुसत. तिथूनच दादांनी मला उचलून आणलं. "ही पोरगी गिऱ्हाईक नसताना खेळते तशी माझी माणसं पगार घेऊन खेळत नाहीत," असं ते मालकाला म्हणाले होते. ते वाक्य मला पाठ आहे.

ही वही सरावाच्या नोंदीसाठी आहे. दादांनीच सांगितलं होतं ठेवायला. मी सगळंच लिहिणार आहे, म्हणजे कधी काय झालं याबद्दल नंतर माझाच गोंधळ नको.

मंगळवार, ४ मार्च

नेम पुढे जातो. जुन्या माउसला वायरीची ओढ होती, ती ओढ धरूनच माझा हात थांबायचा. आता थांबवायला काही नाही. डोक्यावर नेम धरायला जाते आणि शेजारच्या खांबाला गोळी मारते. धाकटा जुळा म्हणाला, "खांब शरण आलाय, आता त्याला सोड."

वायरचा माउस मी पाच वर्षांत कधी उलटा करून पाहिला नव्हता. याचं मात्र पोट रोज बघावं लागतं. पोटावर दोन गोष्टी आहेत. एक सरकवायची कळ, चालू-बंद करायची. दुसरं तिच्या शेजारी, मसुराएवढं गोल बटण. वर एक बारीक दिवा, निळा. माहितीपत्रक नाही, खोका तर नाहीच. मी दादांना विचारलं, हे गोल बटण कशाचं?

"काही नाही ते. त्याला हात लावू नकोस."

मी कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलं : सरकवायचं. दाबायचं नाही.

गुरुवार, ६ मार्च

माउस घरी आणते. सरावाच्या खोलीत ठेवायचा धीर होत नाही. चार्जिंगला लावते आणि दर थोड्या वेळाने बघून येते. आईने आज विचारलं, "ही साबणाची वडी कशाला जपतेस एवढी?"

मी समजावून सांगितलं. वायर नाही, आत बॅटरी आहे, संगणकात नखाएवढा तुकडा खोचायचा, तो याच्याशी बोलतो.

"कोण ऐकतं मध्ये?"

"कोणी नाही ऐकत."

"मग घाबरतेस कशाला?"

आई कपड्यांच्या लॉन्ड्रीत इस्त्री करते. बाबा ट्रक चालवतात, चार दिवसांनी एकदा घरी असतात. आमच्या घरात अक्षरं ओळखणारी मीच पहिली. विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, घरमालकाचं पत्र, सगळं माझ्याकडे येतं. संघाचा करारही मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवला होता, अठरा पानं. बाबा सहाव्या पानावर झोपले. आई शेवटपर्यंत बसली आणि म्हणाली, "शिकलेल्या माणसाला भीती जास्त. आम्हाला पानंच दिसत नाहीत, तर त्यात काय लिहिलंय याची भीती कुठून वाटणार?"

रविवार, ९ मार्च

वाईट दिवस. दादांनी एक तास चिमणीला माझ्या खुर्चीत बसवलं. "सहज बघतो," म्हणाले. मी तिच्या टेबलावर बसून बघत राहिले. तिने माझ्यापेक्षा सात शत्रू जास्त मारले. उठताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "तायडे, तुझी खुर्ची फार कडक आहे गं. पाठ मोडली माझी." ती चांगलीच बोलली. पण मला ऐकू आलं ते वेगळंच.

घरी येताना ठरवलं, माझा वायरचा माउस परत मागावा. जिन्यापर्यंत परत गेलेसुद्धा. मग दादांचा आवाज ऐकू आला, कोणाशी तरी फोनवर, "मास्तरीण जमवेल, घाबरते पण जमवते." परत फिरले.

बुधवार, १२ मार्च

आज नेम तीनदा जिथे हवा तिथे थांबला. तीनदाच. पण थांबला.

हाताला हळूहळू समजतंय की कोणी मागे ओढणार नाही, आपलं आपणच थांबायचं. मोठी बंदूक मात्र अजून ऐकत नाही. गोळीचं बटण दाबून धरलं की नळी वर वर चढत जाते, धूर चढावा तशी. सगळ्यांचीच चढते, माउस खाली ओढत तिला सांभाळायचं असतं. मी जुन्या माउसवर ते शिकले होते. आता ओढते ती कमी पडते नाहीतर जास्त होते.

भूक नाही. आईने ताट झाकून ठेवलं.

शनिवार, १५ मार्च

जिंकलो. क्रमाने लिहिते.

सामना आमच्याच सरावाच्या खोलीतून होता. खाली सायकलच्या दुकानात हातोड्याचे आवाज चालू, वर आम्ही चौघं. पंचबाई पडद्यावर. त्यांच्यासाठी कॅमेरा आमच्या हातांवर लावलेला. एक वाजता त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी साहित्य चालू करा." मी माउस उलटा केला. हाताला घाम आलेला. कळ सरकवली आणि त्याच झटक्यात अंगठा निसटून त्या गोल बटणावर पडला. दिवा लाल झाला.

मला वाटलं, बॅटरी संपत आली. सकाळपर्यंत चार्जिंगला होता, तरी संपली कशी? हात वर करून सांगावं तर सामना थांबणार, सगळे माझ्याकडे बघणार. "तयार?" पंचबाईंनी विचारलं. तिघं म्हणाले तयार. मीही म्हटलं.

पहिल्या फेरीत माझ्या गोळ्या शत्रूच्या पायांत गेल्या. नेहमीप्रमाणे बंदूक खाली ओढत होते, तर ती फारच खाली जात होती. दुसऱ्या फेरीत भीतीने हात असा आखडला की ओढायचंच राहून गेलं. आणि बंदूक जागेवर राहिली. नळी चढलीच नाही. मी नुसतं गोळीचं बटण दाबून धरत होते आणि गोळ्या एकामागोमाग एकाच ठिकाणी, जणू कोणी माझ्या हातावर हात ठेवलाय. प्रत्येक क्षणी वाटत होतं, आता बॅटरी जाईल, आता जाईल. तशीच खेळत राहिले. शेवटच्या फेरीत चौघांनाही मी मारलं.

जुळ्यांनी मला खुर्चीसकट उचललं. थोरला भिंतीवरच्या फोटोकडे हात करून ओरडत होता. गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात दादांनी एकट्याने चौघांना मारलं, तो क्षण तिथे टांगलाय. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा मुठीएवढ्या जागेत. "दादांसारखं! अगदी तसंच, गोळीवर गोळी!" मला रडू आलं. आयुष्यात कोणी मला दादांसारखी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

दादा चित्रीकरण परत बघत होते. दोनदा बघितलं. मग हेडफोन काढून मला जवळ बोलावलं आणि हळू विचारलं, "दिवा कोणता होता?"

"लाल. बॅटरी संपत आली होती दादा. मी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

त्यांनी चित्रीकरण बंद केलं. चेहरा पांढरा पडला होता. माझ्यामुळे सामना हातचा जाता जाता राहिला, म्हणून असेल. मग म्हणाले, "सोमवारी तो माउस मला परत दे. नवीन देतो तुला. आणि बॅटरीचं वगैरे कोणाला सांगू नकोस. हसतील."

माझ्यावर कोणी हसू नये, एवढीसुद्धा काळजी करतात.

रविवार, १६ मार्च

लिहायला हात धजत नाही, पण सगळं लिहायचं ठरवलंय.

दादांना माउस परत द्यायचा तर पूर्ण चार्ज करून द्यावा म्हणून सकाळी बघितलं, तर बॅटरी जवळजवळ भरलेली. लाल दिवा तरी तसाच. म्हणजे लाल दिवा बॅटरीचा नाही. मग कशाचा? हे कळल्याशिवाय मला जेवण जाईना. सरावाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, मी लवकर जाऊन टेबलं पुसते म्हणून. दुपारी गेले. खाली दुकान बंद, जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज.

गेममध्ये सरावाचं मैदान आहे, तिथे कोरी भिंत आहे. लाल दिव्यावर मोठी बंदूक चालवली. सगळ्या गोळ्या नाण्याएवढ्या जागेत. गोल बटण दाबलं. निळा दिवा. बंदूक नेहमीसारखी वर चढली. परत लाल. परत नाण्याएवढी जागा.

मग मी एक केलं. माउस टेबलावर ठेवला, हात काढून घेतला आणि पेन्सिलच्या मागच्या टोकाने नुसतं गोळीचं बटण दाबून धरलं. दुसरा हात मांडीवर. गोळ्या एका जागी लागत राहिल्या. गोळ्या संपल्या तरी मी पेन्सिल उचलली नाही. आणि नेम खाली सरकू लागला. आपोआप. हळूहळू, एका चालीने, भिंतीवरून जमिनीकडे.

माझा हात मांडीवर होता.

मी पेन्सिल टाकून दिली आणि दारापर्यंत पळाले. खोलीत कोणी नव्हतं हे माहीत असून मागे वळून बघायला धीर होत नव्हता. त्या माउसच्या पोटात कोणीतरी एक न दिसणारा हात भरून ठेवलाय. शनिवारी चौघांना त्या हाताने मारलं. मी नाही.

स्पर्धेची नियमावली एकेचाळीस पानांची आहे. संघात मीच एकटीने ती वाचली आहे, म्हणून तर मास्तरीण. आज परत वाचली. पान तेवीस : नेम आपोआप हलवणारी कोणतीही सेटिंग वापरणं म्हणजे फसवणूक. चुकून वापर झाल्यास सामन्यापासून तीन दिवसांच्या आत स्वतःहून कळवावं, साहित्य काहीही न बदलता जसंच्या तसं पंचांकडे जमा करावं. पंच सामना रद्द करून पुन्हा खेळवू शकतात. लपवल्यास खेळाडूवर दोन वर्षं बंदी, संघ बाद.

तीन दिवस म्हणजे मंगळवारी दुपारी एक वाजेपर्यंत.

दोन वर्षं. पार्लरचा मालकसुद्धा मग मला काउंटरवर ठेवणार नाही. फसवणारी म्हणून सगळ्यांना माहीत होईल. बाबा ट्रकवर सोबतच्यांना सांगतात, माझी पोरगी संगणकावर काम करते.

सोमवार, १७ मार्च

दादांना सांगितलं. सगळे यायच्या आधी, खोलीत दोघंच होतो. पेन्सिलसकट सगळं.

ते खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं दचकतील. दचकले नाहीत. "कोणी बघितलंय का अजून?"

"नाही."

"मग झालं. दे इकडे, साफ करतो तो. विषय संपला."

"पण नियमात लिहिलंय की जसाच्या तसा..."

"मास्तरीण, ऐक. तिकडे कोणाला काही दिसलेलं नाही. पंचांनी निकाल दिलाय. जुळ्यांपैकी धाकट्याने यासाठी कॉलेज सोडलंय. त्याला काय सांगणार तू? बटणावर अंगठा पडला म्हणून?"

"लपवलं तर सगळा संघ जाईल दादा."

"लपवलं हे कळलं तर."

मी उभीच होते. मी म्हटलं, "मला भीती वाटते."

"कळवलंस तर वाटणार नाही?"

"तेव्हाही वाटेल. पण एकदाच वाटेल."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग एकदम आवाज मऊ झाला. "बरं. कळवायचंच असेल तर नीट कळवू. मी सांगतो तसं लिही. तू नवीन होतीस या माउसला, तुझ्याकडून चुकून बटण दाबलं गेलं. तेवढंच. माउस कोणाचा, कधीपासूनचा, हे पंचांच्या फॉर्मवर विचारलेलं नाही ना?"

मी बघितलं. खरंच नव्हतं विचारलेलं.

"मग नको तो पाल्हाळ. आणि उद्या मी येतो तुझ्यासोबत पंचांच्या ऑफिसात. एकटी नको जाऊस."

एवढ्या रागात असूनही माझ्यासोबत यायला तयार झाले. दुसऱ्या कोणी मला हाकलून दिलं असतं.

घरी आईला सांगितलं. तिला बंदूक, नेम, सेटिंग समजावताना माझीच दमछाक झाली. तिने सगळं ऐकलं, आणि म्हणाली, "आमच्याकडे कापड करपलं तर ते गठ्ठ्यात खाली दडपायचं नाही, सगळ्यात वर ठेवायचं. गिऱ्हाइकाने घरी जाऊन उलगडण्याआधी आपणच दाखवायचं. ओरडतं ते, पण परत येतं." थोडं थांबून विचारलं, "पण ते आत भरलं कोणी?"

"कारखान्यातूनच येत असेल."

"कारखाना ओळखतो वाटतं तुझी बंदूक?"

मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. मग वाईट वाटलं. ती स्वतःशी पुटपुटली, चोर सोडून संन्याशाला फाशी. तिला म्हणींची सवयच आहे.

मंगळवार, १८ मार्च

बसमध्ये दादा माझ्या शेजारी बसले. माउस मी रुमालात गुंडाळून, पिशवीत घालून, मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. पुलापाशी ते म्हणाले, "दे, मी धरतो. तू थकलीस." मी म्हटलं, राहू दे. पुढच्या थांब्यावर म्हणाले, "निदान लाल सेटिंग तरी पुसून दे गं. घाण तशीच घेऊन कोणी दुसऱ्याच्या दारात जातं का? पंचांनाही बरं वाटेल." मी म्हटलं, काहीही न बदलता असं लिहिलंय. ते खिडकीबाहेर बघू लागले. बसचं तिकीट चुरगळून त्यांनी त्याचा गोळा केला होता. माझ्यासाठी कोणी इतकं घाबरलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

पंचांचं ऑफिस एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. जिन्यात औषधाचा वास. पंचबाई पडद्यावर दिसतात त्याहून ठेंगण्या निघाल्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी माझा फॉर्म वाचला, दोनदा वाचला. "स्वतःहून आलात?"

"हो."

"पुसलं-बिसलं नाही ना काही?"

"नाही. नियम आहे ना."

"नियम आहे," त्या म्हणाल्या, "पण आजवर कोणी वाचलेला नाही." आणि पहिल्यांदा थोड्या हसल्या.

त्यांनी माउस वायरीने आपल्या संगणकाला जोडला. मला माहीतच नव्हतं की याला जोडायची वायरही चालते. काही वेळ बघत राहिल्या. मग चष्मा लावला.

"हा तुमच्याकडे कधी आला?"

"तीन मार्चला."

"नक्की?"

"वहीत लिहिलंय. सोमवार होता."

"निळी सेटिंग साधी आहे. लाल जी आहे ना, ती हाताने भरलेली आहे, एकेक आकडा करून. कोणीतरी बरेच दिवस बसून जमवलेली. शेवटचा बदल गेल्या वर्षी, एकवीस नोव्हेंबरला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तेव्हा हा माउस कोणाकडे होता?"

दिवसभरातला हा सगळ्यात सोपा प्रश्न होता. उत्तर देताना मला अजिबात भीती वाटली नाही. "दादांकडे," मी म्हटलं. "गेलं वर्षभर ते यानेच खेळले." आणि त्यांनी दुजोरा द्यावा म्हणून त्यांच्याकडे वळले.

दादा स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

अंतिम सामना बावीस नोव्हेंबरला होता. ती तारीख त्या फोटोखाली लिहिलेली आहे, मी रोज त्याची काच पुसते. खालच्या दवाखान्यातून दात कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता. तो थांबला, परत सुरू झाला. मला तोंड उघडून म्हणायचं होतं, नाही, माझी तारीख चुकली असेल. पण तारीख चुकली नव्हती.

पंचबाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. यांच्याशी बोलायचंय मला."

'तुम्ही' म्हणजे मी. मी बाकावर बसून राहिले. वीस मिनिटांनी दादा बाहेर आले. मी उठले. त्यांनी विचारलं, "काय गरज होती गं तुला सगळं जसंच्या तसं आणायची?"

"नियम होता म्हणून," मी म्हटलं.

ते जिना उतरून गेले. मी बसने एकटी आले.

मी फक्त माझी चूक सांगायला गेले होते.

गुरुवार, २० मार्च

दोन दिवस खोलीवर गेले नाही. जुळ्यांचा फोन नाही. चिमणीचा आला. म्हणाली, "तायडे, थोरला रडतोय, धाकटा भांडी घासतोय, मला काही कळत नाहीये. ये ना." मी म्हटलं, माझ्यावर चिडलेत का? ती म्हणाली, "कोणावर चिडायचं तेच ठरत नाहीये अजून. रांगेत तू दुसरी आहेस."

मी गेले नाही. पाय उचलत नाही. आधी एकच भीती होती, खुर्ची जाईल. आता वाटतं, खुर्ची राहिली तर त्या खोलीत बसायचं कसं?

शुक्रवार, २१ मार्च

पंचांचं पत्र आलं. शनिवारचा सामना रद्द, तो पुढच्या शनिवारी पुन्हा. माझ्यावर कारवाई नाही. मी खेळू शकते. संघ राहील, राखीव खेळाडूला घेऊन. दादांवर दोन वर्षं बंदी, आणि गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्याची चौकशी.

मी आईला वाचून दाखवलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली. "म्हणजे तू राहिलीस ना?"

"राहिले."

"मग रडतेस कशाला?"

मला नीट सांगता आलं नाही. तिने इस्त्री पुन्हा हातात घेतली. तिला कळलं असावं, माझ्याही आधी.

संध्याकाळी दादांचा निरोप आला. फोनवर, एकच ओळ : 'तू चांगली खेळतेस. तुला त्याची गरज नव्हती.'

मी उत्तर लिहिलं, 'तुम्हालाही नव्हती, दादा.' पाठवायच्या आधी परत वाचलं आणि पुसून टाकलं. ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही.